जात्यावरचा दुसरा गळा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



गोष्ट १९९३ची आहे. बी.ए. होऊन मला एक-दोन वर्षं झाली होती. कविता लिहायला लागलो होतो. कुणाचा तरी टेपरेकॉर्डर उसना घेऊन मी अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो आणि तो दादीसमोर, म्हणजे वडिलांच्या आईसमोर, ठेवला. तिला म्हटलं, जात्यावर म्हणायचीस त्या ओव्या म्हण. दादीची तेव्हा ऐंशी गाठत आली होती. तिनं घसा साफ केला, एक ओळ म्हटली आणि थांबली. पुन्हा तीच ओळ म्हटली, पुन्हा थांबली. मला वाटलं, वयामुळं विसरली. मी पुढची ओळ आठवते का, असं विचारलं. तशी ती म्हणाली, "याद है रे सब. अकेली से नै होता. दूसरा गला होना."

तो दुसरा गळा होता शेजारच्या आक्काचा. दादी आणि आक्का यांनी चाळीसएक वर्षं एका जात्यावर दळलं. आक्का दोन वर्षांपूर्वी गेली होती. मग मी दादीला म्हटलं, गाऊ नकोस, नुसते शब्द सांग. ती सांगत गेली, मी वहीत उतरवत गेलो. साठ-पासष्ट ओव्या झाल्या. मोठा खजिना मिळाला, अशा थाटात मी परत आलो. मी आणलं होतं ते निम्मंच होतं, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. आज त्या उरलेल्या निम्म्याबद्दल बोलायचं आहे.

आधी जात्याकडं बघू. आजच्या मुलांनी जातं पाहिलं असेल तर हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेलं किंवा लग्नघरी हळदीपुरतं. दोन वाटोळे दगड. खालचा स्थिर, वरचा फिरता. वरच्याला मधे तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. कधीतरी टाकीवाल्याकडून दगडाला टाकी घालून घ्यायची, नाहीतर पीठ जाडंभरडं पडायचं. खटल्याच्या घरचं दळण एकट्या बाईला ओढायचं नाही. म्हणून दोघी समोरासमोर बसत. दोघींचा हात एकाच खुंट्यावर. अर्धा फेरा एकीनं ओढायचा, उरलेला अर्धा दुसरीनं. मधूनच एकीनं मोकळ्या हातानं जात्यात वैरण घालायची, म्हणजे मूठभर ज्वारी किंवा बाजरी तोंडात सोडायची.

गाणंही असंच अर्धं-अर्धं चालायचं. पहिलीनं ओळ म्हणायची. तिचा श्वास संपत आला की दुसरीनं तीच ओळ उचलायची. दुसरी म्हणते आहे तोवर पहिलीनं दम घ्यायचा आणि पुढची ओळ मनात जुळवायची. ओळ परत म्हणण्यात नुसती हौस नव्हती. तो पहिलीला विचार करायला मिळालेला वेळ होता. त्या वेळातच नवी ओवी तयार होई. दुसरीही काही पोपट नसे. परत म्हणताना ती एखादा शब्द बदले, स्वतःच्या भावाचं नाव घाली, 'गं बाई', 'सये' असं काही मधे पेरी. सोबतीला पेटी नाही, तबला नाही. दगडाची घरघर हाच सूर आणि हाच ताल. चालीला आमच्याकडच्या बायका 'गळा' म्हणत. एखादी उत्तम गात असेल तर तिच्याबद्दल 'हिला गळा हाय' एवढंच म्हणायच्या. त्यापुढं कौतुक नाही.

हे गाणं किती जुनं आहे? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ ११२९च्या सुमाराचा. त्यात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात. म्हणजे 'ज्ञानेश्वरी' १२९०ची धरली, तर तिच्याही आधी दीडशेहून अधिक वर्षं ओवी बायकांच्या तोंडी होती. ग्रंथात ती नंतर गेली. दुसरी नोंद तर आपल्या अंगणातली आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. तेराव्या शतकात त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटकी या दोन्ही पद्धतींचे गवई आजही त्या ग्रंथाला मानतात. त्यात गाण्याच्या प्रकारांमध्ये ओवीलाही जागा आहे. जालन्याहून देवगिरी ७०-८० किलोमीटर. दरबारच्या पंडितानं ज्या गाण्याची दखल घेतली, ते गाणं भोवतालच्या खेड्यांत पहाटे ऐकू येत असणार.

गोदावरीकाठी गंगाखेडला जन्मलेल्या संत जनाबाईची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांच्या घरी ती दळण दळायची आणि तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागायचा. आपण ही कथा भक्तीची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण जातं ओढलेल्या बाईला ती आणखी एका अंगानं कळते. जनाबाई एकटी होती, दासी होती, समोर बसायला कुणी नव्हतं. खुंट्याला दुसरा हात हवा, ओळीला दुसरा गळा हवा. तो द्यायला देवाला यावं लागलं.

आता थोडं माझ्या घराकडं येतो, कारण विषयाचा एक धागा तिथून जातो. मला लोक कौतुकानं विचारतात, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्या प्रश्नात असं गृहीत असतं की मराठी मी कुठून तरी बाहेरून आणलं. आमच्या घरात दखनी बोलतात, हे खरं. दादी नमाजी होती, रोजे धरायची. पण जात्यावर ती मराठी गायची, कारण समोर आक्का होती. आक्काची पहिली ओवी देवाला, पंढरीच्या वाटेला. दुसरीनं ओळ उचलायची हा जात्याचा कायदा, म्हणून दादी ती उचलायची. दादीची पाळी आली की ती अल्ला-रसूलचं नाव घ्यायची आणि मग आक्का तेच नाव आपल्या गळ्यातून परत म्हणायची. त्यात आपण काही विशेष करतो आहोत, असं दोघींनाही कधी वाटलं नाही. दळण संपवायचं होतं.

पुढं वाचनात आलं की यालाही मोठा इतिहास आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या परिसरातल्या सूफींनी दखनीत 'चक्कीनामा' नावाची गाणी रचली. चक्की म्हणजे जातं. तशीच चरख्यावरची 'चरखानामा'. या गाण्यांची हस्तलिखितं हैदराबादच्या ग्रंथसंग्रहांत होती. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७४ साली त्यांवर लेख लिहिला आणि पुढं विजापूरच्या सूफींवरच्या ग्रंथात हा विषय आणखी मांडला. चक्कीनाम्यात जात्याचा उभा खुंटा अलिफसारखा दिसतो. अलिफ हे अल्लाच्या नावाचं पहिलं अक्षर. जातं फिरतं तसं नाव घ्यायचं, दळता दळता मन दळायचं, अशी शिकवण. ईटन यांचं म्हणणं असं की दख्खनच्या खेड्यांत सूफी विचार जड ग्रंथांतून पोचला नाही, तो बायकांच्या कामाच्या गाण्यांतून घरात गेला. सूफींनी ही युक्ती आकाशातून आणली नव्हती. जात्यावर गायचं ही रीत इथं शेकडो वर्षं चालत होती, तिच्यात त्यांनी आपली ओळ घातली. उलट दिशेनंही येणं-जाणं होतंच. श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी त्याच शतकात 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत, ओवीतच. तेव्हा माझं मराठी कुठून आलं, या प्रश्नाचं माझं उत्तर साधं आहे. ते जात्यावरून आलं.

मग या ओव्या जपल्या कुणी? याबाबतीत मराठी माणूस करंटा नाही. साने गुरुजींनी १९४०च्या सुमारास 'स्त्री जीवन' या नावानं ओव्यांचा मोठा संग्रह केला. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या पुढाकारानं लोकसाहित्य समितीचे खंडामागून खंड निघाले. इंदिरा संतांसारख्या थोर कवयित्रीनं 'मालनगाथा'त अनाम मालनींच्या ओव्या मायेनं मांडल्या. मराठवाड्यात डॉ. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याचा अभ्यास उभा केला. डॉ. तारा भवाळकर यांनी या गाण्यांतली बाई काय म्हणते आहे ते नीट ऐकायला शिकवलं. २०२५ साली दिल्लीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हा मला त्यांच्यामागं अशा शेकडो दळणाऱ्या बायका दिसल्या.

या सगळ्यांचं ऋण मानूनच एक गोष्ट बोलतो. या संग्रहांपैकी बहुतेक वहीनं केले आहेत. वहीत शब्द येतात. त्यामुळं छापलेली ओवी दोन-तीन ओळींची दिसते, सुबक कवितेसारखी. प्रत्यक्षात ती दोघींच्या तोंडून घोळत घोळत बऱ्याच फेऱ्यांनी पुरी व्हायची. छापताना परत म्हटलेली ओळ गळते, कारण छापणाऱ्याला ती पुनरुक्ती वाटते. 'गं बाई' गळतं, कारण ते भरतीचं वाटतं. दुसरी बाईच गळते. मीही माझ्या वहीत नेमकं हेच केलं होतं.

इथं थोडं दूरचं उदाहरण देतो. युरोपच्या संगीतात 'कॅनन' म्हणून एक प्रकार आहे. एकजण चाल सुरू करतो, थोड्या अंतरानं दुसरा तीच चाल आरंभापासून धरतो, मग तिसरा. पुष्कळदा वाद्य लागतच नाही, गळ्यांवर गळे चढत जातात. जोसेफ हायडन हा थोर संगीतकार १८०९ साली व्हिएन्नात वारला. त्याच्या म्हातारपणी त्याच्या घराच्या भिंतींवर त्यानं स्वतः रचलेले असे कॅनन चौकटीत लावलेले होते. चांगली चित्रं विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून भिंत आपणच सजवली, असं तो गमतीनं सांगे. मला त्यात महत्त्वाची वाटली ती एक बारीक गोष्ट. कॅनन लिहिताना चाल पुष्कळदा एकदाच लिहितात, पण दुसऱ्या गळ्यानं कुठं शिरायचं त्या जागी एक खूण करतात. तेवढी खूण असली की दोनशे वर्षांनीही चार माणसं जमून ते गाणं पुन्हा उभं करू शकतात.

ओवी काही कॅनन नव्हे. इथं दुसरी पहिलीवर चढत नाही, तिच्यापाशी थांबून तिची ओळ हातात घेते. पण दोन्हीकडं गाणं पुरं होतं ते दुसऱ्या गळ्यानं. फरक एवढाच की आमच्या पुस्तकांत दुसरीनं कुठं शिरायचं, याची खूणच नाही.

ही खूण काही प्रमाणात पुन्हा हाती लागली, ती हकिगत आता सांगतो. गी पॉइतवाँ हे मूळचे फ्रेंच. १९७०च्या दशकात ते भारतात आले आणि इथलेच झाले. हेमा राईरकर या पुण्याच्या. दोघांनी मिळून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात गरीब कष्टकऱ्यांच्या संघटनेचं काम केलं. बायका बैठकीत बोलत नसत, पण जात्यावर मोकळ्या होत, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ओव्या उतरवायला सुरुवात केली. डोंगरातून सुरू झालेलं काम मराठवाड्यापर्यंत पसरलं. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बायका आणि एक लाख दहा हजारांच्या आसपास ओव्या. महत्त्वाचं म्हणजे त्यांनी प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं. तोवर ओवी 'अनाम' असायची.

१९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक या कामात आले आणि ध्वनिमुद्रण सुरू झालं. सुमारे ४,५०० ओव्या, १२० तासांच्या आसपास आवाज. म्हणजे उतरवलेल्या शंभर ओव्यांतल्या जेमतेम चार आवाजानिशी उरल्या. तरी त्या चारांचं मोल मोठं आहे. त्यांत ओळ म्हणणारी आहे, उचलणारी आहे, मधेच खोकणारी आहे.

२००४ साली पॉइतवाँ गेले, २०१० साली हेमाताई गेल्या. एवढा मोठा ठेवा अडगळीत पडतो की काय, अशी वेळ आली होती. पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं २०१६मध्ये तो हाती घेतला आणि २०१७पासून ओव्या शब्द, भाषांतर आणि आवाजासह लोकांपुढं आणल्या. त्यांची माणसं वीस-वीस वर्षांनी त्याच गावांत परत गेली, त्याच बायकांना शोधून त्यांनी पुन्हा गायला बसवलं. त्या ठेव्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. त्यांचा आवाज ऐकताना मला तर पुढचं काही सुचेनासं होतं. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे आहेत. त्यांच्या ओवीत देवाच्या जागी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येतात. चाल जुनीच, पण जुन्या गळ्यात नवी बाई बोलते आहे. ओवी ही फक्त सोसण्याची गाणी आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे ऐकावं.

मी मोबाईलवर ती ध्वनिमुद्रणं पहिल्यांदा ऐकली, तेव्हा पन्नाशीकडं झुकलो होतो. एकीनं ओळ म्हटली आणि दुसरीनं ती उचलली. त्या एका क्षणी मला दादी का थांबली होती, ते कळलं. ती विसरली नव्हती. ती आपली ओळ संपवून आक्काची वाट बघत होती.

इथं भावुक होऊन चालणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. जातं म्हणजे कष्ट. पहाटे तीनला उठायचं, पोटुशी असली तरी ओढायचं, आजारी असली तरी ओढायचं. गावात इंजिनाची पिठाची गिरणी आली, तेव्हा दादी म्हणाली होती, अल्लानं आमच्या हाताकडं बघितलं. गिरणी आली म्हणून ओवी गेली, असा गळा काढणाऱ्या पुरुषानं आधी चार दिवस जातं ओढून बघावं. जातं परत यावं, असं मला मुळीच वाटत नाही. पण गिरणीनं बायकांची एकत्र बसायची एक जागाही नेली. दळणाचा डबा एकटीनं न्यायचा, एकटीनं आणायचा. खुंट्याच्या दोन बाजूंना दोन घरच्या, दोन धर्मांच्या, दोन बोलींच्या बायका बसत होत्या. तशी जागा आज माझ्या गावात कुठं आहे, याचा विचार करतो तेव्हा पटकन उत्तर सापडत नाही.

शेवटी माझी चूक कबूल करतो. १९९३च्या त्या दिवशी दादीच्या आवाजाची पंधरा-वीस मिनिटं माझ्याकडं कॅसेटवर होती. एक ओळ, मग शांतता. पुन्हा ओळ, पुन्हा शांतता. मला ती निकामी वाटली. पुढं एका कविसंमेलनाला जाताना घाईत तीच कॅसेट उचलली आणि दादीच्या आवाजावर माझ्या स्वतःच्या कविता भरून आणल्या. ती कॅसेट अजून आहे. टाळ्या छान ऐकू येतात. दादी कुठंच नाही.

म्हणून विनंती आहे. मुसलमान घरांतल्या दखनी ओव्या, चक्कीवरची गाणी म्हणणाऱ्या बायका आमच्या भागात आता मोजक्याच उरल्या आहेत. ऐंशी-नव्वदीच्या आज्या, नान्या आपल्याही घरात असतील. जुन्या कॅसेटी माळ्यावर असतील, त्या पुसण्याआधी एकदा ऐका. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे. लग्नात हळद दळायला जातं मांडतात, तेव्हा ते चालू करा. गाणारीचं नाव, गाव लिहून ठेवा. परत म्हटलेली ओळ कापू नका.

आणि आजीला गायला सांगाल तेव्हा तिला एकटीला बसवू नका. शेजारची आजी बोलावून आणा.